एकघाशी वाट्या

४ सप्टेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. दातांच्या लॅबचे काम चालू आहे. या महिन्यात कवळ्या जास्त आणि कॅपा कमी आल्या आहेत. फोन करणार होतो, पण फोनवर मला हल्ली बोलायला सुचत नाही, म्हणून लिहितो.

रविवारी फ्रीज बिघडला. दुरुस्तीवाल्याने वरचा बर्फाचा कप्पा रिकामा करायला सांगितला. हिला जाऊन चार महिने झाले तरी तो कप्पा मी उघडला नव्हता. मटारच्या पिशवीमागे एक पत्र्याचा डबा होता आणि त्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली एक वाटी. भांडे नव्हे, मैद्याची भाजलेली वाटी, मोठ्या बटणाएवढ्या तोंडाची. तुमच्या निरोपसमारंभासाठी ही ज्या वाट्या करून बघत होती त्यांतली ती आहे. बाकीच्या आम्ही वेळोवेळी खाल्ल्या होत्या. ही एक राहिली.

ही लोकांच्या पार्ट्यांना तिखटमिठाचे छोटे पदार्थ करून द्यायची ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना ती एकघाशी म्हणायची. तिचे नियम तीन होते. पाहुण्याच्या एका हातात पेला असतो, म्हणून पदार्थ दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत मावला पाहिजे. छातीवर काही सांडता कामा नये. आणि तोंडात घातल्यावर कोणी काही विचारले तर लाज न वाटता उत्तर देता आले पाहिजे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून लोकांची तोंडे बघायची. मी आयुष्यभर लोकांची तोंडे प्लास्टरमध्येच पाहिली, त्यामुळे मला या गोष्टीचे कौतुक होते.

तुमच्या वाचनालयातला समारंभ पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही तो रद्द करायचे म्हणता असे तुमच्या घरून कळले. तो रद्द करू नये अशी विनंती आहे. हिने जे कबूल केले होते ते मी करून आणीन. वाटी एक तरी हातात आहे, तेव्हा नमुना आहे.

फ्रीज दुरुस्त झाला आहे. वाटी परत आत ठेवली आहे.

लोभ आहे तेवढा टिकवावा, अधिक मागत नाही.

आपला,
दंतोपंत
(हे नाव तुम्हीच ठेवले आहे, तेव्हा तक्रार नाही.)


९ सप्टेंबर

प्रिय दंतोपंत यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळाले. फ्रीज दुरुस्त झाला हे वाचून बरे वाटले. बाकीचे वाचून तितके बरे वाटले नाही.

तुम्ही चहा करता तेव्हा पातेले घासायला वेगळा माणूस लागतो, असे माझी धाकटी बहीणच मला सांगायची. तुम्ही साठ माणसांसाठी वाट्या करणार म्हणजे आम्ही आधी अग्निशमन दलाला आमंत्रण द्यायला हवे. राग मानू नका. तुम्ही राग मानत नाही हे ठाऊक आहे म्हणून लिहिले.

समारंभ मी रद्द केला नाही, आटोपता घेतला आहे. अध्यक्ष बोलतील, मी आभार मानीन, बाहेरच्या व्हरांड्यात चहा आणि दुकानातली बिस्किटे. आत खाणे नाही. वाचनकक्षाच्या दारावरची पाटी मी स्वतः लावली आहे, खाण्याचे पदार्थ आत आणू नयेत म्हणून. तिच्याखालून तबके घेऊन जायला मलाच लाज वाटेल.

तुम्हाला पैजेची हकीकत पूर्ण माहीत आहे की नाही कोण जाणे. गेल्या वर्षी धाकटी इथे आली होती. पुस्तकात चिवड्याचा कण सापडला म्हणून मी एका वाचकाला बाहेर काढले, ते तिने पाहिले. मग दोन दिवस मला चिडवत होती. शेवटी म्हणाली की तुझ्या निरोपाला मी याच खोलीत, याच टेबलांवर सगळ्यांना खायला घालीन आणि एक कण सांडणार नाही. मी म्हटले, सांडेल. ठरले असे की कण न सांडला तर मी हरले आणि निवृत्त झाल्यावर महिनाभर तुमच्याकडे राहायला यायचे. सांडला तर ती हरली, तिने माझ्याकडे महिनाभर यायचे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी. दोन्हीकडून फायदा तिचाच होता, हे माझ्या नंतर लक्षात आले.

ती पैज दोघींची होती. दोघींतली एक उरली नाही, तेव्हा पैजही उरली नाही. तुम्ही त्यात पडू नये. ती वाटी टाकून द्या किंवा ठेवा, पण मला तिच्याबद्दल लिहू नका.

प्रकृतीला जपा. रात्री भाताशी नुसते लोणचे खात असाल तर ते बंद करा. पत्र पाठवत राहावे, विषय बदलून.

तुमची,
ताई


१६ सप्टेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र पोहोचले. लोणचे बंद केले आहे. आता लोणी खातो.

तुम्ही विषय बदलायला सांगितले होते. मी प्रयत्न केला, पण दुसरा विषय माझ्याजवळ नाही. क्षमा असावी.

वाटी करण्यासाठी मी आधी तिचा साचा शोधला. सगळे खण पाहिले, माळा पाहिला. बेकरीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथले सगळे साचे एकतर मोठे किंवा काठाला झालर असलेले. हिच्या वाटीला झालर नाही. दुकानदाराने विचारले की काय करायचे आहे. सांगितले तर म्हणाला, पत्नीला घेऊन या, त्यांना बरोबर कळेल. मी बरे म्हणून बाहेर आलो.

मग वाटीचाच ठसा घ्यायचे ठरवले. आमच्याकडे दोन प्रकारची ठसाद्रव्ये असतात. एक पाण्यात कालवायचे, त्याने वाटी भिजून गेली असती. म्हणून रबरी वापरले. तोंडात घालायचेच द्रव्य आहे, तेव्हा काळजी नाही. वाटीला आतून लोणी लावले, रबर भरले, घट्ट झाल्यावर अलगद ओढून काढले. वाटी शाबूत राहिली.

तर साचा का सापडला नाही ते तेव्हा कळले. साचा नव्हताच. ही पिठाची गोळी घेऊन त्यात अंगठा दाबायची आणि फिरवायची. वाटीच्या आतली पोकळी म्हणजे हिचा अंगठा आहे. रबर बाहेर आले तेव्हा माझ्या हातात हिच्या अंगठ्याचे टोक होते. जरा वेळ काम थांबवले.

त्याच्या एका बाजूला चंद्राच्या कोरीसारखी बारीक रेघ उमटली होती. हवेचा बुडबुडा राहिला की असा दोष येतो, तो आम्ही मेणाने भरतो. सवयीने मी तो भरून टाकला. मग दिव्याखाली धरून पाहिले तेव्हा समजले की ती नखाची खूण आहे. मेण खरवडून काढले.

त्या रबरी अंगठ्यावरून कडक प्लास्टिकचे सहा अंगठे केले आहेत. सहा अंगठ्यांनी काम लवकर होईल. लॅबमधल्या बाईंनी ते ओळीने सुकत ठेवलेले पाहिले आणि डॉक्टरांना जाऊन सांगितले. डॉक्टर येऊन पाहून गेले.

पीठ अजून जमलेले नाही. मैदा, थंड लोणी, किसलेले चीज, अंड्याचा बलक हे जिन्नस माहीत आहेत, प्रमाण माहीत नाही. पाचव्या खेपेच्या वाट्या बऱ्या झाल्या. त्यांतल्या बारा सोबत पार्सलने पाठवत आहे. मत कळवावे.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
दंतोपंत


२३ सप्टेंबर

प्रिय दंतोपंत यांस,
स. न. वि. वि.

पार्सल पोहोचले. भुकटी मिळाली.

वाट्या होत्या हे तुमच्या पत्रावरून समजले. आमच्या घरच्यांनी ती वाडग्यात ओतून चमच्याने खाल्ली आणि चांगली आहे म्हणाले. त्यांचे मत धरू नका, त्यांना औषधसुद्धा चांगले लागते. मी चिमूटभर चाखली. मीठ बरोबर आहे. बाकी ती धाकटीची नाही. धाकटीची तोंडात पडली की कुर्र वाजायची आणि मग नाहीशी व्हायची. ही वाजत नाही, नुसती बसून राहते, आमच्या जुन्या शिपायासारखी.

विषय बदला म्हटले होते. तुम्ही बदलला नाहीत. अंगठ्याचे वाचून मी पत्र दोन दिवस पर्समध्ये ठेवले. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

तुम्हाला उत्तेजन द्यायचे नाही, पण अर्धवट माहितीवर कोणी काम केलेले मला बघवत नाही. चाळीस वर्षे लोकांना पूर्ण संदर्भ काढून दिले आहेत. म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये धाकटीने फोनवर मला अर्धा तास वाट्यांबद्दल ऐकवले होते. मी मध्येमध्ये हूं म्हणत होते. त्यातले एवढे आठवते की पीठ जास्त मळायचे नाही, मळले की ते हट्टी होते. केलेल्या वाट्या आधी फ्रीजमध्ये गार करायच्या. अर्ध्या भाजून झाल्या की आतून अंड्याचा पांढरा बलक ब्रशने लावायचा आणि पुन्हा भाजायच्या, म्हणजे आतले सारण वाटीला ओलावत नाही. सारणातले मशरूम कोरडे पडेपर्यंत परतायचे. आणि तिचे एक वाक्य जसेच्या तसे आठवते. "ताई, पाणी हा शत्रू आहे, बाकी सगळे आपले लोक."

बिस्किटांची ऑर्डर मी दिलेली आहे. ती रद्द करणार नाही.

आणखी एक. पार्सल पाठवायचेच असेल तर दात पाठवता तसे तरी पाठवा. त्यांची भुकटी झाल्याचे कधी ऐकले नाही.

आठवण ठेवावी, वाट्या ठेवल्या नाहीत तरी चालेल.

तुमची,
ताई


२ ऑक्टोबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचा फार उपयोग झाला. आतून बलक लावून पुन्हा भाजणे म्हणजे आम्ही दातावर चमक चढवतो तोच प्रकार आहे. हिने मला कधी सांगितले नाही. किंवा सांगितले असेल आणि मी हूं म्हटले असेल.

वाट्या आता वाजतात.

रविवारी दुपारी लॅबमध्ये चाचणी ठेवली. टेबल धुऊन पुसून काळे कापड अंथरले, कारण काळ्यावर कण दिसतो. डॉक्टर, लॅबमधल्या बाई आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी यांना बोलावले. सारण मशरूम, कांदा, मिरी आणि थोडे चीज. शिवाय हिच्या इतर दोन गोष्टीही केल्या. काकडीच्या चकतीवर घट्ट चीजचा ठिपका आणि वर शेपूचा तुरा. आणि भाजलेल्या पावाच्या छोट्या त्रिकोणावर लाल मिरचीची चटणी. पावाचे त्रिकोण बाद झाले. डॉक्टरांनी एक चावला आणि काळे कापड पांढरे झाले. काकडी पास झाली, पण मावशी म्हणाल्या की ठिपका मधोमध नाही, काज्यात बटण तिरके बसल्यासारखा आहे. त्यांनी पाच चकत्या स्वतः लावून दाखवल्या. पुढच्याही त्याच लावणार आहेत, मला लावू देत नाहीत.

वाट्यांचे मात्र आश्चर्य झाले. एकही कण पडला नाही. डॉक्टरांनी लागोपाठ आठ खाल्ल्या आणि खाताखाता मला महिन्याच्या कामाबद्दल तीन प्रश्न विचारले, सगळे नीट ऐकू आले. हिचा तिसरा नियमही पास झाला. मावशी म्हणाल्या की चव राणीसारखी आहे पण आकार चिमण्यांच्या लग्नातला आहे.

ते ऐकून मी माझी वाटी हिच्या वाटीशेजारी ठेवली. माझी लहान निघाली. कारण उघड आहे आणि सांगायला संकोच वाटतो. पीठ भाजल्यावर आक्रसते. हिचा अंगठा मोठा होता, वाटी भाजल्यावर पोकळी लहान झाली. त्या लहान पोकळीचा मी ठसा घेतला, म्हणजे माझा अंगठा मुळातच लहान. त्याची वाटी भाजल्यावर आणखी लहान. धातू गार होताना आक्रसतो म्हणून मी तीस वर्षे रोज साचा थोडा मोठा धरतो. पिठाच्या बाबतीत विसरलो. लॅबमधल्या बाईंना सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्याने हसल्या.

पण विचार करता असे दिसते की हिची वाटी दीड घासाची आहे. ती दाताने तोडावी लागते, आणि तोडली की कण पडणारच. माझी चुकून एका घासाची झाली आहे. ती तोडावी लागत नाही, अख्खी आत जाते. ही सुधारणा हिनेही केली असती, एखाद्या महिन्यात. तेव्हा चूक तशीच ठेवतो आहे.

यावेळी कवळीच्या डब्यांतून, कापसात, एकेका डब्यात चार अशा पाठवत आहे. सारण वेगळ्या बाटलीत आहे, आयत्या वेळी भरावे. पत्ता वाचनालयाचा घातला आहे, कारण परीक्षा तिथेच व्हायला हवी. वाटीत एका बाजूला नखाची रेघ दिसेल. तो दोष नाही.

राग असला तरी पत्रात घालून पाठवावा, रिकामे पाकीट नको.

आपला,
दंतोपंत


९ ऑक्टोबर

प्रिय दंतोपंत यांस,
स. न. वि. वि.

पार्सल वाचनालयात आले तेव्हा मी आतल्या कपाटांपाशी होते. आमच्या टंकलेखिकेने डब्यांवरचा कवळीचा शिक्का वाचला आणि मला हाक न मारता सगळ्यांना हाक मारली. ताईंचे दात आले आहेत, अशी बातमी मी बाहेर येईपर्यंत वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली होती. दोन म्हाताऱ्या सभासदांनी मला पत्ता विचारला. तुमची दोन गिऱ्हाइके वाढली आहेत, पत्ते सोबत जोडते.

वाचनकक्ष बंद झाल्यावर मी कोशाच्या टेबलाशी बसले. पाटी दाराच्या बाहेरच्या बाजूला आहे, आतून दिसत नाही, अशी मनाची समजूत घातली. एक वाटी भरली. रेघ पाहिली. धाकटी लहानपणी मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात, ओल्या सिमेंटमध्ये, आईच्या पिठाच्या गोळ्यात, सगळीकडे अंगठा दाबत सुटायची. आमच्या जुन्या घराच्या पायरीवर तो अजून असेल. तो पुन्हा समोर येईल असे वाटले नव्हते.

वाटी खाल्ली. वाजली. मग टेबल हाताने पुसून पाहिले, चष्मा लावून पाहिले. काही नव्हते.

अटी लिहून घ्या. बिस्किटांची ऑर्डर रद्द केली आहे. वाट्या आणि काकड्या वाचनकक्षात चालतील, पावाचे त्रिकोण दाराबाहेरसुद्धा नकोत. तबके पुस्तकांच्या कपाटांपासून चार हात लांब. चहा व्हरांड्यातच. अध्यक्षांचे भाषण लांबते, तेव्हा सारण आधी भरू नये. तुम्ही दारात उभे राहून लोकांची तोंडे बघायला हरकत नाही.

पैज मात्र चालू झाली असे समजू नका. मी फक्त खायला परवानगी देत आहे.

येताना गळ्याला मफलर असू द्या. भेटीअंती लोभ मोजू.

तुमची,
ताई


२७ ऑक्टोबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोहोचलो. समारंभ चांगला झाला. अध्यक्षांनी बोलता बोलता सहा वाट्या खाल्ल्या आणि वाक्य एकदाही तुटले नाही. वाक्य तुटले असते तर कार्यक्रम लवकर संपला असता, असे तुमच्या घरचे माझ्या कानात म्हणाले. मी दारात उभा होतो. साठ माणसांची तोंडे पाहिली. बहुतेकांचा चावा चांगला आहे. मागच्या रांगेतल्या उंच गृहस्थांनी डावीकडची दाढ दाखवून घ्यावी.

तुमचे आभाराचे भाषण थोडक्यात झाले. मला वाटते दोन वाक्ये झाली. नंतर सगळे गेल्यावर तुम्ही टेबलांखाली बॅटरी घेऊन पाहिलेत, तेव्हा मीही दुसऱ्या बाजूने पाहिले. मला काही दिसले नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. विचारावे की नाही हे कळले नाही, आणि बसची वेळ झाली.

आता एक चौकशी करायची आहे. हिची मूळ वाटी मी तुलनेसाठी बरोबर आणली होती. त्याच पत्र्याच्या डब्यात, कागदात गुंडाळून, आतल्या खोलीत माझ्या पिशवीत होती. घरी येऊन डबा उघडला तर कागद आहे, नीट घडी केलेला, आणि वाटी नाही. तबके लावताना गडबडीत कोणी ती भरून ठेवली असावी. इतरांपेक्षा ती मोठी होती, म्हणून कोणाच्या लक्षात आली असल्यास कळवावे. ती सहा महिने बर्फात होती आणि तिच्यावर ठसाद्रव्यही लागले होते, तेव्हा खाणाऱ्याच्या पोटाला त्रास होण्याची शक्यता आहे. केवळ त्यासाठी विचारतो.

डबा धुऊन पालथा घातला आहे.

मला या घरात आता तो कप्पा उघडायला काही अडचण नाही. त्यात मटार आहेत.

आपल्या प्रेमाची सवय झाली आहे, मोडू नये.

आपला,
दंतोपंत


३१ ऑक्टोबर

प्रिय दंतोपंत यांस,
स. न. वि. वि.

खाणाऱ्याचे पोट उत्तम आहे. खाणारी मी आहे.

पेले पुसायचे फडके शोधायला मी आतल्या खोलीत गेले होते. तुमची पिशवी उघडी होती, डबा ओळखीचा होता. आमच्या आईचा आहे तो, झाकणावरचा पोचा माझ्या लहानपणापासूनचा आहे. उघडला. कागद उलगडला. तुम्ही लिहिले होते तशीच, मोठी. तिच्यात मी माझा अंगठा घालून पाहिला. बसला नाही, माझा जाड आहे.

ठेवून देणार होते. मग वाटले, तुम्ही ती परत न्याल, मटारामागे ठेवाल आणि दर रविवारी काढून बघाल. तुम्ही म्हणाल, मी तसे केले नसते. केले असते. म्हणून सारण भरले आणि पदराआड बाहेर घेऊन आले. तुम्हाला विचारायला हवे होते. विचारले असते तर तुम्ही हो म्हटले असते, आणि तुम्हाला हो म्हणायला लावणे मला नको होते.

अध्यक्ष माझ्या शिस्तीबद्दल बोलत होते तेव्हा मी ती खाल्ली. वाजली नाही. बर्फाने मऊ पडली होती, आणि जरा रबराचा वास होता. एका घासात मावली नाही. तुमचे म्हणणे बरोबर आहे, ती दीड घासाची होती. मी दाताने तोडली आणि एक कण टेबलावर, कोशाच्या तिसऱ्या खंडाशेजारी पडला.

माझ्याशिवाय कोणी पाहिला नाही. मी बोट ओले करून तो उचलला आणि खाल्ला. चाळीस वर्षांत त्या टेबलावर मी खाल्लेला पहिला कण. बॅटरीने मी दुसरा शोधत होते, तो मिळाला नाही.

तेव्हा निकाल असा की कण सांडला, तोही तिच्याच वाटीचा. तुमच्या साऱ्या वाट्या निर्दोष, पण पैज तुमच्याशी नव्हती. पैज मी जिंकले. धाकटीला आयुष्यात मी पहिल्यांदा हरवले आणि सांगायला ती नाही, म्हणून तुम्हाला कळवते.

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याकडे महिनाभर यायचे असे ठरले होते. ती येणे शक्य नाही. तिच्या वतीने सगळे तुम्हीच केले आहे, तर हरणेही तुम्हीच पुरे करावे. मागची खोली आवरून घेतली आहे. आमच्या घरचे हातात वाडगा आणि चमचा घेऊन वाट बघत आहेत. पुरावा मागू नका, तो मी खाल्लेला आहे. शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

तुमची,
ताई


४ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचले. दोनदा वाचले.

पुरावा नसताना हार कबूल करणे बरोबर नाही. शिवाय शिळ्या वाटीचा कण धरावा की नाही, हाही प्रश्न आहे. ही असती तर तिने तुमच्याशी महिनाभर वाद घातला असता. मला वाद घालता येत नाही. सोमवारच्या सकाळच्या बसने निघतो. डॉक्टरांना सांगितले आहे. त्यांनी रजा दिली, मात्र अंगठे लॅबमध्ये ठेवून जाऊ नयेत असे म्हणाले.

अंगठ्यांचे एक सांगायचे राहिले. मूळ वाटी गेली तरी तिचा रबरी ठसा माझ्याकडे होता. त्यावरून या आठवड्यात नवा अंगठा केला. पीठ किती आक्रसते ते आता नीट मोजले आहे, तेवढा तो वाढवून घेतला. म्हणजे भाजण्याआधी ज्या अंगठ्याने हिने वाटी दाबली असेल, तेवढा. काल संध्याकाळी तो घासून पूर्ण झाला. हातात धरून पाहिला. माप बरोबर आले आहे, ते मला दुसऱ्या कशाशी ताडून बघावे लागले नाही.

तो एकच बरोबर आणतो आहे. त्याच्या वाट्या दीड घासाच्या होतील आणि कण पडतील. तुमच्या घरी ते चालत असावे असे धरून निघतो.

बाकी भेटीत.

आपला,
दंतोपंत